ड्रायव्हरच्या शीटात

कोरेगाव,
१८ डिसेंबर २०२५

दादा,

पाया पडती. पत्र बघून नवल वाटंल. पण फोन ह्यांच्याजवळ असतो, आन तुजा फोन गॅरेजात स्पीकरवर वाजतो, सगळी गिऱ्हाईकं ऐकत्यात. म्हणून वहीचं पान फाडलंया. सातवीनंतर एवढं कवा लिवलं न्हाई. चुकलं तर हासू नको.

दादा, सुभेदार आबांची मांडी भाजली. त्यांच्याच गाडीत. भाऊबीजंला तू आलतास, तवा ह्यांनी आबांची गाडी आमच्या दारात हुबी केल्याली, आन ड्रायव्हरच्या बाजूची गरम शीट तू दुरुस्त केलीस, त्याच शीटवर. पुण्याचा शोरूमवाला म्हणला हुता अख्खी शीट बदला. तू खालचा वायरींचा कपलर काढलास, जळकी पिन बदललीस, वायर जोडलीस आन अर्ध्या तासात शीट गरम. मी दोन आळ्या सांगत फिरले हुते, माज्या भावानं केलं म्हणून. आता त्याच बायका इचारत्यात, कुठल्या भावानं गं.

झालं असं. गेल्या रविवारी शिवांजलीला ताप भरला. दहा म्हयन्याचं पोर, डोळं फिरवाय लागलं, माजा धीर सुटला. म्हणून ह्यांनी आबांकडं सुट्टी मागितली. आबांना साताऱ्याला मिल्ट्रीच्या कँटीनला जायचं हुतं, त्ये सोताच गाडी घेऊन गेले. थंडी लय, त्यात त्यांची कंबर धरल्याली, तवा शीटचं बटन दाबलं. ह्ये कवाच दाबत न्हाईत. म्हणत्यात, ड्रायव्हरला कशाला पायजेत असले चोचले. जाताना शीट गरम झाली, येताना फूज गेला आन गार पडली. सांजंला आबांच्या मांडीला खाज सुटली, दोन दिसांत ह्ये एवढाले फोड. पाणी गळतंय. डॉक्टर म्हणतोय भाजलंय.

आबांचा ल्योक शंभूराज पुण्यासनं आलाय. म्हणतोय गावठी वायरमननं जोड मारला, त्येनं शॉर्ट झाला. ह्ये मान खाली घालून ऐकत्यात. वीस पावलांवर आबांचं घर, पण मला त्या दारात जावंना.

एक इचारती. शीटात आतनं कायतरी टोचलं, म्हणजी खिळा म्हण, पिन म्हण, तर फूज जातो का? आन शीट तापल्यावर आतली वस्तू पातळ हुती का? सहज इचारलं. उत्तर पत्रानंच दे.

तुजी अंकी


सांगली,
२३ डिसेंबर

अंके,

पत्र मिळालं. तुजा ळ अजून ओळीच्या खाली लोंबतोय.

शंभूराजचा फोन तुज्या पत्राच्या आदीच आला. स्पीकरवरच. चार गिऱ्हाईकं बसल्याली, शाळंच्या व्हॅनवाला बी हुता. "माझ्या बापाला भाजलंस तू," म्हणला. मी फोन बंद करूस्तवर दोनदा म्हणला. दुसऱ्या दिवशी व्हॅनवाला तिन्ही व्हॅन घेऊन गेला. म्हणला, पोरं बसत्यात रं गड्या, राग मानू नको. राग कसला मानायचा. मी त्येच्या जागी असतो तर मी बी नेल्या असत्या. त्येच्या मागं दोन ट्रॅक्टरवाले गेले. आता मी आन माजी स्वप्ना, दोघंच बसतो गॅरेजात. ती चहा करती.

आता कामाचं सांगतो, दाजींना वाचून दाव. गरम शीट म्हणजे इस्त्रीची बारकी भैन. कापडाखाली एक चादर असती, तिच्यात केसावाणी तार फिरवल्याली असती. मदी एक मणी असतो, तो ताप बघतो. ठरल्यापरीस ताप वाढला की करंट तोडतो. मणी मेला तर शीट तापतच जाती. माजा संशय त्या मण्यावर हाय. भाऊबीजंला मी मणी तपासलाच न्हाई. तू ओवाळणीचं ताट घेऊन हुबी, दाजी म्हणत्यात बटन दाबा, शीट गरम झाली, सगळी हासली, आन मी बी हात पुसून मोकळा झालो. वीस वर्सं ह्या धंद्यात हाय, पण त्या दिवशी शाबासकी खायची घाई झाली.

दाजींनी एवढं बघावं. फूज काढून उजेडात धरा. नुसती तार तुटली असंल तर जास्त भार आला, प्लास्टिक काळं पडलं असंल तर सणकून शॉर्ट झाला. शीटखाली दोन कपलर हायत. पिवळ्याला हात बी लावू नका, तो एअरबॅगचा. काळा काढा, मीटर लावा. पैला शीटवर कुणी नसताना आकडा बघा, मग दाजींनी शीटवर बसावं आन दुसऱ्यानं आकडा बघावा. बसल्यावर आकडा हलला तर आतमदी कायतरी तारंला लागतंय.

तू इचारलंस त्येचं उत्तर, टोचलं तर फूज जातोच. पण आत टोचाय कोण जातंय? आन पातळ हुण्यासारखं आत काय नसतं, नुसता फोम.

पोरीचा ताप उतरला का कळव.

धनाजी


कोरेगाव,
२९ डिसेंबर

दादा,

शिवांजली बरी हाय. आता दोन दात आलेत.

ह्यांनी तुज्या सांगण्यापरमानं केलं. मोटार रिवायंडिंगवाल्याचा मीटर आणला. फूज काळा पडलाय. शीट रिकामी असताना मीटरवर तीनच्या वर जरा आकडा येतोय. ह्ये बसले की आकडा नाचतोय, उठले की परत तीनवर. चार डाव केलं. ह्ये म्हणले, जोड तर घट्ट हाय, मग हलतंय काय? मी म्हणलं मला काय कळतंय. शंभूराजनं ते बघितलं आन कुणी हात लावायचा न्हाई म्हणून गाडी शेडात घालून किल्ली खिशात टाकली.

म्हणजी दादा, तुजा जोड चांगलाच हाय न्हवं? तेवढं एकदा लिवून पाठीव.

काल मी शेड झाडायच्या निमतानं गेले हुते. गाडीचं दार वडून बघितलं, लॉक. तेवढ्यात आबांनी खिडकीतनं हाक मारली. पालथे झोपल्याले, मांडीवर ओलं फडकं. मला वाटलं आता बोलणार. तर म्हणले, पोरगीचा ताप गेला का गं, तिच्यापायी मानसिंग घरी थांबला ते बरं झालं, न्हाईतर त्येलाच भाजलं असतं. मी झाडू तिथंच टाकून आले.

दादा, तू हिकडं येऊ नको. पाया पडती. शीट उघडू नको. तू बी न्हाई आन दुसऱ्या कुणी बी न्हाई. शंभूराज म्हणतोय नवी शीटच बसवू, बसवू दे त्येला. जुनी भंगारात जाऊ दे. चार दिवस बोलत्याल आन इसरत्याल. इथं आलास तर लोकं काय म्हणत्याल, मला काय म्हणत्याल, मला ह्याच गावात राहायचंय. मला पुढं लिवाय येत न्हाई.

अंकी


सांगली,
३ जानेवारी २०२६

अंके,

जोड चांगला हाय का न्हाई, ते शीट उघडल्याबिगर कुणीच सांगू शकत न्हाई. आकडा हलतोय म्हणजे आत तार उघडी पडली. शीट सरकवताना माज्याच हातानं चादर खेचली गेली असंल. दुसरं काय असणार.

तू येऊ नको म्हणलीस, ते कळलं. सासरी भावाची लाज वाटायची पाळी मी आणली. तुजं चुकत न्हाई. पण एक म्हातारा माणूस पालथा पडलाय आन मी सांगलीत बसून भंगाराची वाट बघू, एवढा मी गेलेला न्हाई. पाच तारखेला येतो. तुज्या घरी येणार न्हाई, चहा नको, पाणी नको. कुणी इचारलं तर सांग, वायरमन आला हुता. भाऊ आला म्हणू नको.

धनाजी


सांगली,
९ जानेवारी

वन्सं,

मी स्वप्ना लिवतीया. तुमच्या दादाला पेन धरता येत न्हाई, म्हणून मी लिवती. ते सांगत्यात ते एक लिवती आन मला जे दिसतंय ते बी लिवती. मदी रेघ मारून दावणार न्हाई, तुमचं तुमी वळखा.

पाच तारखेला ह्ये कोरेगावला गेले. शंभूराजनी शेड उघडून दिलं आन फोनवर बोलत अंगणात फिरत राहिले. ह्यांनी एकट्यानं शीट उघडली. मग आबांच्या खोलीत जाऊन पाय धरले, म्हणले माजाच जोड उघडा पडला हुता, चूक माजी हाय, आता साफ केलंय. शंभूराजनी ते फोनमदी रेकॉर्ड करून घेतलं. ते इथं सांगलीतल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर बी फिरलं. परवा माज्या माहेरच्या माणसानं मला दावलं. स्वताच्या नवऱ्याला पाय धरताना मोबाईलवर बघायचं, वन्सं, ते तुमाला सांगून कळायचं न्हाई.

गॅरेजचा बोर्ड उतरवून भिंतीला लावून ठेवलाय. म्हणत्यात, वायरिंग बास, चुलत्याच्या द्राक्षबागंत मजुरीला जातो. वीस वर्सांचा हात.

हाताचं म्हणाल तर आल्यापास्नं दोन्ही हातांची बोटं उतल्यागत फुगल्यात. फोडच फोड. कशानं, तर म्हणत्यात बॅटरीचं ॲसिड उडालं. आन शर्टाच्या खिशाखाली छातीवर बी तळहाताएवढी जागा तशीच. मी म्हणलं, ॲसिड छातीवर कसं उडालं, शर्टाला भोक कसं न्हाई? तर म्हणत्यात वाकलो हुतो. मी भांडत न्हाई, मलम लावती.

ह्ये तुमच्या दारावरनं गेले. आत बघितलं बी न्हाई म्हणत्यात. तुमी तरी भाईर यायचं हुतं, वन्सं. एक तांब्या पाणी द्यायला काय जातं? आमी तुमाला लाज आणली, ठीक. पण पाणी?

आता त्ये म्हणत्यात एवढं लिव, म्हणून लिवती: "अंकीला सांग, शीट आता साफ हाय. आत काय ऱ्हायलं न्हाई. तिनं घाबरू नये."

ह्येचा अर्थ मला कळला न्हाई. तुमाला कळला तर कळवा.

स्वप्ना


कोरेगाव,
१८ जानेवारी

वहिनी,

अर्थ मला कळला. तुमचं पत्र चुलीपुढं वाचलं आन भाकर करपली तरी उठता आलं न्हाई.

ते ॲसिड न्हवं वहिनी. बिब्बा हाय. मी घातला हुता.

दिवाळीनंतर ह्ये पुण्यासनं गाडी घेऊन एकटेच येत हुते. शिरवळ सोडलं आन खंबाटकीच्या घाटात डोळा लागला. गाडी कठड्याला घासत गेली, जागे झाले म्हणून वाचले. आबांना म्हणले ट्रकवाल्यानं घासलं, मला खरं सांगितलं, आन ते बी हासत. मी पोरीला पाजत हुते. त्या दिवसापास्नं गाडी चालू झाली की मी हातातलं काम टाकून दारात यायची. पोरगी पाळण्यात, आन मी रांगोळी काढती तरी कान रस्त्याला. कुणाला सांगणार? सांगितलं तर ह्यांची नोकरी जाईल.

मग नोव्हेंबरातल्या अवसंला बिब्बा घेतला, त्यात दाभण आरपार घातली, काळा दोरा गुंडाळला. आमच्या आईनं पाळण्याला बांधला हुता तसाच. भाईर बांधला तर ह्ये काढून टाकणार, आबा बी हासणार. म्हणून ह्ये आंघोळीला गेले तवा दारात हुब्या गाडीत शिरले, ड्रायव्हरच्या शीटच्या मागली चेन काढली आन कोपरापतुर हात आत घालून बिब्बा खोवला. ह्ये बसत्यात बराबर त्येच्या खाली. दाभण आत पक्की रुतवली, पडू नये म्हणून.

बिब्बा दिव्यावर धरला की तेल सोडतो, अंगाला लागलं की उततं, ह्ये शेंबड्या पोरीला बी ठाऊक हाय. मला ठाऊक न्हवतं असं न्हाई. शीट तापती ह्ये बी ठाऊक, माज्याच भावानं तापवून दावली. पण ड्रायव्हरची शीट कोण तापवतंय, ह्ये तर बटन दाबतच न्हाईत, म्हणून दोन्हीचा मेळ डोक्यात बसलाच न्हाई. आबांना फोड आले त्याच दिवशी बसला. दाभणीनं तार सोलली आन बिब्ब्यानं कातडं. तवाच बोलायचं हुतं. पण सुई टोचल्याला बिब्बा मालकाच्या गाडीत घावला, तर त्येला करणी म्हणत्यात वहिनी. ड्रायव्हरच्या बायकूनं मालकावर करणी केली. नोकरी जाईल, गाव थुंकंल, पोरगीला उद्या कोण खेळाय घेईल. म्हणून भावाच्या नावानं बोंब झाली ती मी ऐकून घेतली. दादाला खोटं लिवलं. त्येला वाटलं मला त्येची लाज वाटती.

त्येनं शीट उघडली तवा बिब्बा त्येच्या हातात आला असणार. बगितल्या बगितल्या वळखला असंल कुणाचा ते. खिशात घातला, आन आत जाऊन आबांचे पाय धरले. त्येच्या छातीवरला फोड तिथला हाय.

आन पाण्याचं म्हणलात. मी दाराच्या आड हुते. बघत हुते. तांब्या भरून हातात हुता. त्येनं हिकडं बघितलं तर माज्या तोंडावर सगळं दिसंल, म्हणून भाईर आले न्हाई.

परवा आबांच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू हुतं. आबांची मालकीण, हरणाबाई आक्का, दरसाल सगळ्या आळीला बोलवती. पंधरा-वीस बायका. मी न जाऊन चालणार न्हवतं. शेवटाला बसले. आक्का करंडा घेऊन एकेकीला कुंकू लावत येत हुती आन बायकांचं चाललं हुतं, आबांचं आता कसं हाय. एक म्हणली, आता फोड सुकलेत, वायरमननं पाय धरल्यावर उतार पडला. दुसरी म्हणली, पाय धरून काय, असल्याचे हात तोडाय पायजेत. सगळ्या हासल्या, आन मग माज्याकडं बघून गप झाल्या.

आक्का माज्यापुढं आली. बोट कुंकवात बुडवलं. मी म्हणलं, "आक्का, आदी ऐका, मग लावायचं का न्हाई ते ठरवा. आबा वायरनं भाजले न्हाईत. माज्या बिब्ब्यानं उतलेत."

आन सगळं सांगितलं. खंबाटकीचं बी सांगितलं. रडाय आलं न्हाई, आवाज तेवढा कुणीतरी दुसरीच बोलल्यावाणी येत हुता. एकीनं पोराला माज्या शेजारनं वडून घेतलं. करणी असं कुणीतरी बारीक म्हणलंच. आक्कानं बोट करंड्यावर पुसलं, कुंकू लावलं न्हाई. "चल आत," म्हणली.

आत आबा खुर्चीवर वाकडे बसले हुते. त्यांना परत सगळं सांगितलं. त्यांनी एकच इचारलं, "माझ्या गाडीत घातलास, पण माझ्यासाठी न्हाई?"

मी म्हणलं, "न्हाई आबा. ह्यांच्यासाठी. तुमचा इचार सुदीक आला न्हाई."

 मग म्हणले, मानसिंगला बोलव. ह्ये भाईर ओट्यावरच हुते, सगळं ऐकल्यालं. आबांनी ह्यांना माजं काय इचारलंच न्हाई. खंबाटकीचं इचारलं. झोप लागली ते मला का सांगितलं न्हाई, म्हणले, मी तीस वर्सं पोरांना हुकूम दिले, दमलेल्याला गाडी चालवाय लावणारा मी न्हवं.  दोन दिवस झाले, गाडीवर बोलवणं न्हाई. काढलं असं बी सांगितलं न्हाई. ह्ये माज्याशी बोलत न्हाईत. पोरीला तेवढी घेत्यात, माज्या हातात देत न्हाईत, भुईवर ठेवत्यात, मग मी उचलती.

आबांनी माज्यादेखत शंभूराजला फोन लावून खरं सांगितलं, ग्रुपवरलं काढ म्हणले. त्यो म्हणला काढतो, पण लोकांनी बघितलं ते बघितलंच. ते खरं हाय. आबा कोरेगावातनं सांगलीच्या व्हॅनवाल्याला काय सांगणार.

म्हणून वहिनी, एक करा. दादाच्या फोडांना खोबरेल तेल लावा, उतल्यावर आई तेच लावायची, आन डॉक्टरलाबी बिब्बा म्हणून सांगा, ॲसिड म्हणू नका. बोर्ड परत वर चढवा. आन व्हॅनवाल्याला, ट्रॅक्टरवाल्यांना, गाडीच्या ग्रुपवरल्या जेवढ्यांना जमंल तेवढ्यांना चहाला बोलवा आन ह्ये पत्र त्यांच्यापुढं मोठ्यानं वाचा. माजं नाव घेऊन वाचा, अंकिता मानसिंग, कोरेगाव, सुभेदारांच्या ड्रायव्हरची बायकू. दाभणीचं वाचा. दाराआडचं बी वाचा.

दादा मदीच म्हणंल, बास, बंद कर. तुमी बंद करू नका.

अंकिता